स्नायुकंपन आणि बाहूची हालचाल

डोळे मिटून आपला हात कोपरात किती वाकलेला आहे हे सांगण्यास निरोगी मनुष्यास अडचण पडत नाही. एका हाताची जी स्थिती असेल तीच दुसऱ्या हाताने दाखवावयास सांगितली, तर थोड्याशा अंशांच्या फरकाने तो ती दाखवितो. परंतु याच वेळी दंडाच्या पुढील बाजूस असलेल्या द्विशिरस्क स्नायूच्या कंडरेवर, कोपराच्या खळगीपाशी, सेकंदाला सुमारे १०० वेळा थरथरणारे एक लहानसे यंत्र टेकविले की हा हिशेब एकाएकी बिघडतो. हात जागच्या जागीच असतो, किंबहुना प्रतिक्षिप्त क्रियेमुळे किंचित वाकतही असतो. आणि तरीही तो उलगडत आहे, सरळ होत आहे, असे त्या मनुष्यास निःशंकपणे वाटू लागते. ऑक्सफर्ड येथील गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ही चूक ४० अंशांपर्यंत गेलेली आढळली. चाळीस अंश म्हणजे पाण्याचा पेला ओठांपाशी आहे की छातीपाशी, एवढे अंतर.

याच कंपनाचा उपयोग पक्षाघाताने दुर्बल झालेल्या हाताची हालचाल सुधारण्यासाठी करण्याचे प्रयत्न गेली काही दशके चालू आहेत आणि त्यांतील काहींना यशही आलेले आहे. येथे विचारी वाचकास एक शंका आल्यावाचून राहणार नाही. ज्या साधनाने धडधाकट मनुष्याचा हातही त्यास फसवितो, त्याच साधनाने आजारी मनुष्याचा हात ताळ्यावर कसा यावा? कंपनाने मेंदूस मिळणारा निरोप खोटा असतो, याविषयी दुमत नाही. मग खोट्या निरोपाने खरी हालचाल सुधारते, ती कोणत्या परिस्थितीत? प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

आरंभी परिभाषेसंबंधी एक खुलासा करणे अवश्य आहे. मराठीत स्नायू म्हणजे आकुंचन पावून हालचाल घडविणारे मांस. हिंदी आणि बंगाली लेखनात हाच शब्द मज्जातंतूंकरिता योजलेला आढळतो, आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांत तो शरीरातील बंधांचा वाचक आहे. भिन्न भाषांतील पुस्तके एकत्र चाळणाऱ्या विद्यार्थ्याचा त्यामुळे घोटाळा होण्याचा संभव असतो. येथे मराठीतील रूढ अर्थच घेतला आहे. हालचाल घडविणाऱ्या स्नायूस कर्ता स्नायू आणि त्याच्या उलट दिशेने ओढणाऱ्या स्नायूस विरोधी स्नायू म्हटले आहे. कोपर वाकविताना द्विशिरस्क स्नायू हा कर्ता आणि दंडाच्या मागील त्रिशिरस्क स्नायू हा विरोधी; कोपर सरळ करताना हे नाते उलटते.

स्नायू हे केवळ ओढण्याचे साधन नसून ते एक ज्ञानेंद्रियही आहे, ही कल्पना बरीच जुनी आहे. मेंदूकडून स्नायूकडे जाणारा आज्ञेचा मार्ग आणि स्नायूकडून मेंदूकडे येणारा वार्तेचा मार्ग मिळून एक वर्तुळ पूर्ण होते, असे चार्ल्स बेल याने १८२६ मध्येच मांडले होते. या वार्तेचा उगम ज्या इंद्रियात होतो ते म्हणजे स्नायूंच्या तंतूंमध्ये विखुरलेले, काही मिलिमीटर लांबीचे, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांस निमुळते असे तर्कू. चातीवर सूत गुंडाळल्यावर तिचा जो आकार दिसतो तोच या इंद्रियाचा, आणि नावही त्यावरूनच पडले. इटालियन शास्त्रज्ञ रुफिनी याने १८९८ मध्ये त्याच्या मज्जातंतूंच्या टोकांचे बारकाईने वर्णन केले. शेरिंग्टन याने १९०६ मध्ये शरीराच्या या आंतरिक जाणिवेस जे नाव दिले त्याचा आशय ‘स्वतःचेच ग्रहण’ असा आहे. मराठीत त्यास स्वस्थिति-संवेदन म्हणता येईल.

तर्कूच्या मध्यभागी एक जाड संवेदी तंतू सर्पिल वेटोळी घालून बसलेला असतो. स्नायू ताणला गेला की ही वेटोळी ताणली जातात आणि त्या तंतूतून विद्युत्-आवेगांची माळ निघते. ताण जितका जलद तितकी ही माळ दाट. अर्थात हा तंतू लांबीची वार्ता देतो त्याहूनही लांबी किती वेगाने बदलत आहे याची वार्ता अधिक देतो. कंपनाचे सारे रहस्य याच गुणात साठविलेले आहे. कंडरेवर टेकविलेल्या यंत्राच्या प्रत्येक आंदोलनाबरोबर स्नायू मिलिमीटरच्या काही दशांशांइतका किंवा त्याहूनही कमी ताणला जातो. लांबीतील फरक म्हणून तो उपेक्षणीय असतो, पण तो अत्यंत जलद असल्यामुळे तर्कूस तो पुरेसा होतो, आणि प्रत्येक आंदोलनास एक आवेग असे गणित जमते. मांजरांवरील प्रयोगांत हे १९६० नंतरच्या दशकात सिद्ध झाले. मनुष्याच्या मज्जातंतूत बारीक सुई घालून एकेका तंतूचे आवेग टिपण्याची जी पद्धत स्वीडनमधील उप्साला येथे हागबार्थ आणि व्हाल्बो यांनी बसविली, तिच्या योगाने पुढे मनुष्यातही त्याची खातरी पटली. मार्सेय येथील रोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की मनुष्याचे तर्कू सेकंदाला सुमारे ८० आंदोलनांपर्यंत यंत्राच्या पावलावर पाऊल टाकून चालतात. त्याच्या पुढे गेल्यास ते एकाआड एक आंदोलने गाळू लागतात. हालचालीचा भास ७० ते ८० आंदोलनांच्या आसपास सर्वाधिक स्पष्ट होतो, याचे कारण यावरून सहज कळते. कंपनयंत्र घेताना जास्त वेग म्हणजे जास्त परिणाम असे समजणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र तर्कूंच्या वार्तेस जाणिवेच्या प्रांतात प्रवेशच नाही, असे मत प्रबळ होते. हाताची स्थिती सांध्यांतील इंद्रिये सांगतात, तर्कू केवळ पृष्ठरज्जूतील प्रतिक्षिप्त क्रियांपुरते, अशी वाटणी झालेली होती. १९६७ मध्ये गेल्फान आणि कार्टर यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या उघड्या कंडरा ओढून पाहिल्या, आणि रुग्णांना हालचालीची कोणतीही जाणीव झाली नाही असे कळविले. प्रकरण मिटले असेच सर्वांना वाटले असावे. पाच वर्षांत कंपनाच्या प्रयोगाने ते पुन्हा उघडले, कारण सांधा जागचा न हलता केवळ स्नायूस थरथरविल्याने हालचाल भासते, याचा उलगडा जुन्या मताने होत नव्हता. १९७४ मध्ये मॅथ्यूज आणि सिमंड्स यांनी कंडरा ओढण्याचा प्रयोग पुन्हा केला. या वेळी रुग्णांनी बोट हलल्याचे सांगितले. १९८३ मध्ये तर मॅक्लॉस्की आणि त्यांचे सहकारी यांच्यापैकीच एकाने स्वतःच्या पायाच्या अंगठ्याची कंडरा उघडी करून घेऊन ती ओढवून पाहिली आणि अंगठा हलल्याची स्पष्ट जाणीव झाल्याची ग्वाही दिली. प्रयोगकर्त्याने विषयाशी इतकी जवळीक साधणे हे आता दुर्मीळच.

या भासाचे काही प्रकार मोठे चमत्कारिक आहेत. लॅकनर याने १९८८ मध्ये वर्णन केलेला प्रयोग असा: मनुष्याने डोळे मिटून बोटांनी स्वतःचे नाक धरावयाचे आणि त्याच हाताच्या द्विशिरस्क स्नायूस कंपन द्यावयाचे. हात लांब जात आहे असे स्नायू सांगतो, बोटांतून नाक सुटलेले नाही असे त्वचा सांगते. दोन्ही साक्षी खऱ्या मानावयाच्या तर निष्कर्ष एकच उरतो, आणि मेंदू तो निमूटपणे काढतो: नाक लांब झाले! येथे गंमत आहे तशीच एक महत्त्वाची सूचनाही आहे. मेंदू स्नायूच्या वार्तेकडे एकटीकडे पाहत नाही. इतर इंद्रियांच्या वार्तेशी ती ताडून पाहतो. डोळे उघडताच हे भास बहुधा ओसरतात, आणि स्नायू स्वेच्छेने आवळला असता ते मंदावतात. हालचालीवर कंपनाचा परिणाम अजमावताना डोळे उघडे होते की मिटलेले, स्नायू सैल होता की आवळलेला, याची नोंद नसेल तर बाकीच्या नोंदी बऱ्याचशा निरुपयोगी ठरतात.

भासाप्रमाणेच कंपनाने आणखी एक गोष्ट घडते. कंडरेवर कंपन चालू ठेवले असता काही सेकंदांत तो स्नायू आपोआप, हळूहळू आवळू लागतो. १९६६ मध्ये उप्साला येथे हागबार्थ आणि एक्लुंड यांनी आणि सिडनी येथे द गेल, लान्स आणि नील्सन यांनी हे स्वतंत्रपणे वर्णिले. गुडघ्यावर हातोडी मारल्याने उडणारी तंगडी आणि हे आकुंचन यांचे मूळ एकच, तर्कूंचे आवेग, म्हणून एकाने दुसऱ्यास बळ यावे अशी अपेक्षा कोणीही केली असती. प्रत्यक्षात उलट दिसते. कंपन चालू असता हातोडीने उद्भवणारी प्रतिक्षिप्त क्रिया दबून जाते. एकच उद्दीपक एकीकडे स्नायू आवळतो आणि दुसरीकडे त्याच स्नायूची चपळ प्रतिक्रिया मारून टाकतो, या विसंगतीस कंपनाचा विरोधाभास असे नावच पडले आहे. पृष्ठरज्जूत प्रेरक पेशीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्या संवेदी तंतूंच्या टोकांवर जो निरोध बसविला जातो, त्यामुळे पुष्कळशी वार्ता दाराशीच अडते, हे त्याचे मान्य झालेले एक कारण. पक्षाघातानंतर येणाऱ्या ताठरपणाच्या दृष्टीने या विरोधाभासाचे महत्त्व किती आहे ते पुढे दिसेल.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. स्थिर हाताची जाणीव फसते हे ठीक. पण हात स्वेच्छेने हलत असताना काय होते? कॅनडातील वेस्टर्न ऑन्टारियो विद्यापीठात कॅपाडे आणि कुक यांनी १९८१ मध्ये केलेला प्रयोग या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रयोगांपैकी एक मानावा लागेल. शिकविलेल्या अंतरापर्यंत, हाताकडे न पाहता, कोपर वाकवावयाचे असा पाठ. हालचालीच्या वेळी कर्त्या स्नायूस कंपन दिले तेव्हा हात जेथे थांबावयाचा तेथेच थांबला. परिणाम जवळजवळ शून्य. विरोधी स्नायूस कंपन दिले तेव्हा मात्र हात लक्ष्याच्या अलीकडेच थांबला. कोपर वाकताना त्रिशिरस्क स्नायू ताणला जातो, आणि तो किती ताणला गेला यावरून मेंदू हात कोठवर आला याचा अंदाज घेतो. कंपनाने या ताणाची वार्ता फुगविली की हात प्रत्यक्षात आहे त्याहून पुढे गेल्याचे वाटते, आणि मनुष्य आधीच थांबतो.

कर्त्या स्नायूच्या कंपनाकडे मेंदू दुर्लक्ष का करतो? आखडत जाणाऱ्या स्नायूतील तर्कू सैल पडतात, त्यांची वार्ता विरळ आणि बेभरवशाची होते. ताणल्या जाणाऱ्या स्नायूतील तर्कू मात्र नेमके बोलत असतात. कात टाकलेल्या दोराने अंतर मोजता येत नाही, ताणलेल्या दोराने येते, असा हा साधा व्यवहार आहे. म्हणजे हालचालीच्या काळात मेंदूचा कान विरोधी स्नायूकडे लागलेला असतो. यावरून असे दिसते की कंपन चांगले की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या स्नायूस, हालचालीच्या कोणत्या क्षणी, आणि त्या क्षणी मेंदू त्या स्नायूचे ऐकत आहे काय, एवढे सांगितल्यावाचून त्यास उत्तर नाही. निरोगी मनुष्यात ही फुगविलेली वार्ता अपाय करते, कारण मूळची वार्ता पुरेशी असते. ज्याची मूळची वार्ताच क्षीण आहे त्याच्या बाबतीत काय?

पक्षाघाताच्या रुग्णाकडे पाहताना दुर्बलता डोळ्यांत भरते, संवेदनेचा ऱ्हास भरत नाही. हात उचलत नाही हे नातेवाइकांस दिसते. हात कोठे आहे हे रुग्णास कळत नाही, हे बहुधा कोणी विचारल्याखेरीज उघडकीस येत नाही. वस्तुतः मॉट आणि शेरिंग्टन यांनी १८९५ मध्येच दाखविले होते की माकडाच्या एका बाहूची फक्त संवेदी मुळे तोडली, आज्ञेचे मार्ग अभंग ठेवले, तरी ते माकड तो बाहू वापरीनासे होते. आज्ञा देण्याची शक्ती शाबूत आणि बाहू निकामी. पुढील काळात या निष्कर्षास काही मुरड घालावी लागली. धड बाहू बांधून ठेवला तर असे माकड संवेदनाहीन बाहूही वापरू लागते, असे आढळले, आणि रुग्णाचा चांगला हात बांधून दुर्बल हातास कामास लावण्याची उपचारपद्धती त्यातूनच निघाली. तरीही मूळ धडा कायम आहे. हात परत मिळवावयाचा तर वार्तेची वाट दुरुस्त करावी लागते.

अमेरिकेतील ओरेगन राज्यात कॉर्डो आणि सहकाऱ्यांनी बसविलेली उपचारपद्धती वर सांगितलेल्या तत्त्वाचा सरळ उपयोग करते. यंत्र रुग्णाचे मनगट आणि बोटे मंदपणे उघडते आणि मिटते. रुग्णाने आपल्या परीने त्या हालचालीस हातभार लावावयाचा. हात उघडत असता मिटविणारे स्नायू ताणले जातात, म्हणून त्या वेळी कंपन त्यांस. मिटत असता उघडणाऱ्यांस. थोडक्यात, जो स्नायू त्या क्षणी खरोखरच लांबत आहे त्याचीच वार्ता कंपनाने मोठी करावयाची. हा निरोप खोटा म्हणावा काय? अतिशयोक्त म्हणावा; पण दिशा खरी आणि वेळही खरी. बहिऱ्याशी मोठ्याने बोलावे त्यातलाच हा प्रकार. जुन्या पक्षाघाताच्या रुग्णांवर या पद्धतीचा अनुभव २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो उत्साहजनक होता. मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

यापेक्षा निराळा विचार हागबार्थ आणि एक्लुंड यांनी १९६८ मध्येच केला होता. कंपनाने स्नायू आवळतो आणि त्याच्या विरोधी स्नायूस पृष्ठरज्जूतून ढिलाईची आज्ञा मिळते. तेव्हा ताठर झालेल्या आकुंचक स्नायूच्या समोरच्या दुर्बल प्रसारक स्नायूस कंपन द्यावे. दुर्बलास बळ मिळेल आणि ताठरास ढिलाई. काही रुग्णांत हे घडलेही. ताठरपणाचे स्वरूप रुग्णागणिक भिन्न असल्याने परिणामही भिन्न आला, आणि कंपन थांबताच तो ओसरू लागे. थकव्याच्या बाबतीतही असाच तात्पुरता लाभ दिसतो. बॉन्जोव्हानी आणि हागबार्थ यांनी १९९० मध्ये पायाच्या स्नायूंवर दाखविले की पूर्ण जोर लावून थकलेल्या स्नायूस अल्पकाळ कंपन दिले तर गेलेला जोर काही अंशी परत येतो. पण कंपन लांबविले तर तोच जोर उलट लवकर घसरतो. म्हणजे मात्रेचा प्रश्न आलाच.

सध्याच्या शतकात इटलीतील काही संशोधकांनी तिसराच मार्ग धरला आहे, आणि तो प्रथमदर्शनी वरील दोन्हींशी विसंगत वाटतो. त्यांनी कंपन दिले ते ताठर आकुंचक स्नायूंनाच, द्विशिरस्कास आणि मनगट वाकविणाऱ्या स्नायूंना. सेकंदाला १०० ते १२० आंदोलने, दररोज बराच वेळ, अनेक दिवस, नेहमीच्या व्यायामोपचारास जोड म्हणून. हालचाल कंपनाच्या वेळी नव्हे, तर उपचारमालिका संपल्यानंतर मोजावयाची. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका तुलनात्मक चाचणीत लक्ष्याकडे हात नेण्याची गती अधिक सफाईची झाली, हिसके कमी झाले, असे आढळले. २०११ मधील दुसऱ्या एका अभ्यासात मेंदूच्या बाह्यस्तरावरील हाताचे प्रेरक क्षेत्र उपचारानंतर विस्तारलेले दिसले आणि हा बदल कंपन थांबल्यावरही काही काळ टिकला.

ताठर स्नायूस कंपन देऊन तो अधिक ताठर कसा झाला नाही? वर सांगितलेला विरोधाभास येथे उपयोगी पडतो. दीर्घकाळ कंपनाने त्या स्नायूची प्रतिक्षिप्त चिडचिड दबते. याखेरीज मेंदूतही काही घडते. रोझेनक्रांझ आणि रॉथवेल यांनी २००३ मध्ये निरोगी माणसांच्या हाताच्या लहान स्नायूंवर दाखविले की कंपन दिलेल्या स्नायूच्या मेंदूतील प्रतिनिधिक्षेत्रावरील अंतर्गत निरोध कमी होतो, तर शेजारच्या स्नायूंच्या क्षेत्रावरील तो वाढतो. शेजाऱ्यांना शांत करून एकास बोलू देण्याची ही व्यवस्था आहे. पक्षाघातानंतर बोट हलवावयास गेले की मनगट, कोपर आणि खांदा सारेच एकदम आखडतात, हे ज्याने पाहिले आहे त्यास या व्यवस्थेचे मोल निराळे सांगावयास नको. तरीही निरोगी माणसांवरील काही मिनिटांच्या प्रयोगावरून रुग्णांतील आठवड्यांच्या बदलाचे कारण ठरविणे ही उडी मोठी आहे, आणि ती पुरेशा पुराव्यानिशी अजून मारली गेली आहे असे म्हणवत नाही.

मिल्वॉकी येथील मार्केट विद्यापीठात कॉनरॅड, शाइट आणि श्मिट यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग याहूनही विचार करावयास लावणारे आहेत. पक्षाघाताच्या रुग्णांनी यंत्राची मूठ धरून मेजाच्या पातळीत निरनिराळ्या लक्ष्यांकडे हात न्यावयाचा आणि तेथे स्थिर ठेवावयाचा. कंपन दिले ते मनगट वाकविणाऱ्या स्नायूंच्या कंडरांवर. वास्तविक या हालचालीत काम खांद्याचे आणि कोपराचे. मनगटास फारसे कर्तव्य नाही. तरीही कंपन चालू असता लक्ष्यापाशी हाताची होणारी अस्थिर चाळवाचाळव कमी झाली, आणि दंड व खांदा यांच्या स्नायूंची अनावश्यक आवळण्याची प्रवृत्तीही उतरली. येथे वरचे कोणतेच स्पष्टीकरण नेमके बसत नाही. मनगटाच्या तर्कूंची वार्ता कोपराची लांबी सांगू शकत नाही. मग असे मानावे लागते की संवेदनांचा ओघ स्वतःच, तो कोठून आला याची फारशी तमा न बाळगता, मेंदूच्या प्रेरक यंत्रणेस अधिक सावध करतो. हे अनुमान आकर्षक आहे. पण ते स्वीकारले तर स्नायूची निवड आणि क्षणाची निवड यांवर वर दिलेला भर काही प्रमाणात सैल करावा लागतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. कदाचित स्थान सांगणारी वार्ता आणि जागे करणारी वार्ता या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात. पहिलीस पत्ता लागतो, दुसरीस लागत नाही.

या दुसऱ्या प्रकाराशी नाते सांगणारा आणखी एक शोध आहे. १९९६ मध्ये कॉर्डो आणि सहकाऱ्यांनी मनुष्याच्या कंडरेवर नियमित नव्हे तर अनियमित, यदृच्छ स्वरूपाचे अतिशय दुर्बल कंपन दिले आणि तर्कूंचे आवेग टिपले. साधारणतः गोंगाटाने बोलणे ऐकू येईनासे होते. येथे उलट, थोड्या गोंगाटाने तर्कूंना सांध्याची क्षीण हालचाल अधिक चांगली ‘ऐकू’ आली. गोंगाट वाढविला तर मात्र लाभ नाहीसा झाला. भौतिकीत स्टोकॅस्टिक रेझोनन्स म्हणून ओळखली जाणारी ही घटना होय. उंबरठ्याच्या किंचित खाली राहणारा संकेत अधूनमधून गोंगाटाच्या लाटेवर चढून उंबरठा ओलांडतो, एवढेच त्यात आहे. या मार्गाचा विशेष हा की येथे मेंदूस काहीही खोटे सांगितले जात नाही. कंपन इतके मंद असते की ते स्वतः जाणवतही नाही. खऱ्या वार्तेस ते केवळ हात देते. रुग्णाने दिवसभर अंगावर बाळगावयाच्या साधनाचा विचार करावयाचा तर हीच दिशा अधिक आशादायक वाटते.

कंपन ही काही निरुपद्रवी वस्तू नव्हे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात हवेच्या दाबाच्या हातोड्यांनी चुनखडी घडविणाऱ्या कामगारांची बोटे थंडीत पांढरी पडून बधिर होतात, हे अॅलिस हॅमिल्टन हिने १९१८ मध्ये नोंदविले. उपचारातील कंपन त्या हातोड्यांच्या मानाने फारच सौम्य आणि अल्पकालीन असते. परंतु रुग्णाच्या हाताची त्वचा आधीच बधिर असेल तर यंत्र किती जोराने दाबले जात आहे याची तक्रार करणारा कोणी नसतो, एवढे तरी उपचारकाने विसरू नये.

याहून नाजूक प्रश्न पुराव्याचा आहे. पॅरिस येथे शार्को याने १८९२ मध्ये कंपवाताच्या रुग्णांसाठी थरथरणारी खुर्ची प्रचारात आणली. आगगाडीच्या किंवा घोडागाडीच्या लांब प्रवासानंतर आपणांस बरे वाटते, असे रुग्णच त्यास सांगत, त्यावरून त्यास ही कल्पना सुचली होती. रुग्णांना खुर्चीने आराम पडे याविषयी त्यास शंका नव्हती. शिकागो येथील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा प्रयोग आधुनिक रीतीने पुन्हा करून पाहिला. एका गटास कंपन देणारी खुर्ची आणि ध्वनी, दुसऱ्यास कंपनाविना केवळ ध्वनी. सुधारणा दोन्ही गटांत सारखीच झाली.

बाहूवरील कंपनाच्या चाचण्यांत ही अडचण अधिकच बिकट होते, कारण कंपन मिळाले की नाही हे रुग्णास लगेच कळते. साखरेची गोळी औषध म्हणून देता येते, कंपन न देता दिले असे भासविता येत नाही. यंत्र चालू ठेवून कंडरेच्या जवळ, पण तिला स्पर्श न करता धरणे, अशी युक्ती काही चाचण्यांत योजलेली आहे. आवाज तोच येतो, पण त्वचेस मात्र फरक कळतोच. त्यापेक्षा कंपन खरेच द्यावे, परंतु कंडरेऐवजी जवळच्या हाडाच्या उंचवट्यावर, किंवा तर्कूंवर विशेष परिणाम न करणाऱ्या मंद वेगाने द्यावे, हे अधिक योग्य दिसते. त्वचेची संवेदना दोन्ही गटांस मिळते, आणि जो फरक उरेल तो स्नायूच्या खाती मांडता येतो. अर्थात हाडातून कंपन दूरवर पसरते आणि शेजारच्या स्नायूंतील तर्कूंनाही जागे करते. म्हणून त्या स्नायूंचे विद्युत्-आलेख घेतल्यावाचून ही तुलनाही पक्की होत नाही. प्रयोगशाळेत कंपनयंत्र स्वस्तात बनविता येते, एक लहान मोटर आणि तिच्या आसास मध्यापासून किंचित बाजूस लावलेले वजन एवढ्यावर ते भागते. आलेख घेण्याची सामग्री आणि ती वाचण्याचा सराव यांस मात्र वेळ लागतो.